एप्रिलमधली लोकरी शाल

आजही कोणी मला फोन करून "आमच्याकडे एक छोटासा सत्कार आहे, निवेदन कराल का?" असं विचारलं, की मी मानधन, तारीख, पाहुणे यांतलं काहीही न विचारता आधी विचारतो, "छत कसलं आहे?" समोरचा गोंधळतो. मग मी त्याला आमच्या घरमालकीणबाईंची हकीकत सांगायला लागतो आणि त्याचा सत्कार राहतो बाजूला. आज लिहायलाच बसलोय, तेव्हा मला मधे तोडणारं कोणी नाही.

तेव्हा मी कर्वेनगरात बाईंच्या घराच्या मागच्या दोन खोल्यांत भाड्याने राहत होतो. दिवसा एका पतसंस्थेत नोकरी आणि सुट्टीच्या दिवशी निवेदनाची हौस. पुस्तक प्रकाशन असो, कोणाची एकसष्टी असो की सोसायटीचा गणपती, माइक दिसला की माझा हात आपोआप पुढे जायचा. बाईंनी मला नावाने कधीच हाक मारली नाही. "अहो निवेदक, पाणी आलंय. भरून घ्या. प्रस्तावना नको, नळ लगेच जातो."

बाई शिवणाच्या शिक्षिका होत्या. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली होती, पण गळ्यातली मापाची टेप काही उतरली नव्हती. भाजीला जाताना, बँकेत जाताना, लग्नाला जातानासुद्धा पदरावर ती पिवळी टेप असायचीच. आणि त्या टेपने बाई काय मोजत, तर सावली. बसथांब्यावर उभ्या राहिल्या की आधी सावली मोजायच्या आणि मग बसची वाट बघायच्या. लोकांना वाटायचं, पालिकेकडून कोणीतरी मोजणीला आलंय. एक-दोघे तर दबक्या आवाजात विचारायचे, "बाई, रस्ता रुंद होणार का हो?" बाई म्हणायच्या, "रस्ता होईल. माणसं अरुंद होतील."

आमच्या थांब्यावर चकचकीत स्टीलचा नवा निवारा उभा राहिला, तेव्हा सगळ्या गल्लीला आनंद झाला. बाईंनी भर दुपारी जाऊन टेप लावली. निवाऱ्याची सावली बाकावर न पडता मागच्या गटारावर पडत होती. "बघा," त्या मला म्हणाल्या, "गटाराला ऊन लागू नये याची किती काळजी घेतलीय."

पण बाई नुसतं बोलून थांबणाऱ्या नव्हत्या. घरातले जुने पडदे उसवले, खाली ताडपत्रीचं अस्तर लावलं, कडेला सुबक पायपिंग केलं आणि मला शिडीवर चढवून ते छत थांब्याला बांधलं. तीन-चार दिवस लोक त्याच्याखाली गारव्यात उभे राहिले. मग अतिक्रमणवाल्यांची गाडी आली आणि छत घेऊन गेली. ते सोडवायला बाई क्षेत्रीय कार्यालयात गेल्या, बरोबर मी. खिडकीपलीकडचा कारकून म्हणाला, "बाई, ते छत अनधिकृत आहे."

"बरं. मग अधिकृत सावली कुठल्या खिडकीवर मिळते?"

कारकुनाने खरोखरच मागे वळून शेजारच्याला विचारलं. मला हसू आवरेना, म्हणून मी जिन्यात जाऊन उभा राहिलो.

बाईंना सगळ्यात जास्त राग यायचा तो एका वाक्याचा. कोणत्याही पुणेकराच्या तोंडी असतं ते. "आमच्या लहानपणी पुण्यात पंखे लागायचे नाहीत हो." हे वाक्य कोणी उच्चारलं की बाई त्याच्याकडे वळायच्या. "पंखे नव्हते, कारण झाडं होती. तुम्ही गाडी लावायला जागा केलीत ना, तिथेच होती." एकदा एका लग्नात त्यांनी हे नवऱ्या मुलाच्या आजोबांना ऐकवलं. आजोबा नंतर जेवले नाहीत म्हणे. बाई मात्र व्यवस्थित जेवल्या.

वर्तमानपत्रात जगाच्या तापमानाची बातमी आली की त्या ती मोठ्याने वाचायच्या आणि पेपर घडी करून बाजूला ठेवायच्या. "मोठे लोक विमानाने एकमेकांना भेटायला जातात, जाऊ देत. कापड तिकडे विणतात. पण बेतायचं तर इथेच लागतं, आपल्या अंगाच्या मापाने." त्यांच्या मते उन्हाचा आणि पावसाचा जो काही बंदोबस्त व्हायचा, तो आधी वॉर्डात व्हायला हवा. पालिकेने आपल्या शाळा, आपले थांबे, आपली मैदानं बघावीत. मैदानात पेव्हर ब्लॉक बसवले की मातीचा श्वास कोंडतो आणि ते रात्रीपर्यंत भट्टीसारखे तापलेले राहतात, हे त्या रस्त्यात अडवून अडवून लोकांना सांगत. लोक मान डोलवत आणि पुढच्या वेळी पलीकडच्या फुटपाथने जात.

हे सगळं विनोदीच वाटायचं मला. सुईचा प्रसंग घडेपर्यंत.

वारज्याच्या कडेला एक जुनी शाळा होती, पालिकेचीच. लांब बराकीसारखी इमारत, वर पत्रा. बाई तिथे आठवड्यातून दोन दुपारी मुलींना फुकट शिवण शिकवायच्या. शाळा दोन पाळ्यांत भरायची आणि दुपारच्या पाळीत बहुतेक मुलीच होत्या. सकाळी आया कामावर जायच्या, तेव्हा धाकटी भावंडं सांभाळायची, पाणी भरायचं आणि मग शाळेत यायचं, असं त्यांचं चाललेलं. त्या वर्षी संक्रांत उलटते न उलटते तोच ऊन तापायला लागलं. मार्चमधल्या एका दुपारी मशीनवर बसलेल्या एका मुलीला चक्कर आली आणि सुई बोटातून आरपार गेली. बाईंनीच तिला कडेवर घेऊन दवाखाना गाठला. संध्याकाळी घरी आल्या तेव्हा त्यांच्या पातळावर रक्ताचा डाग होता आणि तोंडातून शब्द फुटत नव्हता. बाई गप्प बसलेल्या मी पहिल्यांदाच बघत होतो. मला भीतीच वाटली.

पुढे आणखी वाईट झालं. शिवणवर्ग बंद झाला. मुख्याध्यापिका म्हणाल्या, की उन्हाळ्यात दुपारची पाळी या इमारतीत भरवणं धोक्याचं आहे आणि सकाळी जागा नाही, तेव्हा जूनपासून दुपारच्या मुलींना दुसऱ्या शाळेत पाठवायचं असं वरून ठरतंय. दुसरी शाळा हायवेच्या पलीकडे. तो हायवे ओलांडून मुलींना पाठवायला एकही आई तयार नव्हती. म्हणजे पाळी बंद झाली की मुलींची शाळाच बंद. सरळ हिशेब होता.

बाई पुन्हा क्षेत्रीय कार्यालयात. छताला आतून आवरण बसवा, वरून उन्हाला परतवणारा पांढरा रंग लावा, मैदानातले ब्लॉक काढून झाडं लावा, एवढं त्या सांगत होत्या. तोच कारकून म्हणाला, "बाई, हवामान बदल वगैरे फार वरचा विषय आहे. ते दिल्लीत बघतात."

"बघत असतील. पण पत्रा वारज्यात आहे. तो दिल्लीहून दिसत नाही."

कार्यालयाचे मोठे साहेब मीटिंगमध्ये होते. दुसऱ्या दिवशी साइटवर होते. तिसऱ्या दिवशी होते, पण नव्हते. पालथ्या घड्यावर पाणी. बाईंनी मात्र घडा सरळ करायचाच असं मनात घेतलेलं. एका संध्याकाळी त्या ओसरीवर मशीन चालवत बसल्या होत्या. एकदम थांबल्या.

"अहो निवेदक, पुण्यातला अधिकारी कशाला नाही म्हणत नाही?"

"चहाला," मी म्हणालो.

"चहाला नाही म्हणतात हल्ली. शुगर असते. आणखी विचार करा."

बाईंनी टेपचं टोक बोटाला गुंडाळलं आणि शांतपणे म्हणाल्या, "सत्काराला."

मी विचारलं, "पण सत्कार कशाबद्दल करायचा?"

"कशाबद्दल, असं आजवर कोणी विचारलंय का?"

आणि खरंच, साहेबांनीही विचारलं नाही. फोनवर त्यांनी एवढंच विचारलं, की फोटोग्राफर सांगितलाय ना. वेळ दुपारी अडीचची ठरली, स्थळ शाळेचा हॉल, आणि महिना अर्थातच एप्रिल.

खरेदीला आम्ही दोघं मंडईत गेलो. नारळ घेतले, हार सांगितले, मग बाई मागच्या गल्लीतल्या एका शालींच्या दुकानात शिरल्या. "लोकरी शाल दाखवा. जाड."

"एप्रिलमध्ये लोकरी कोणी घेत नाही," दुकानदार पेपरातून मान वर न काढता म्हणाला.

"कोणी घेतं का हे मी विचारलं नाही. आहे का ते सांगा."

दुकानदाराने पेपर खाली ठेवला. माणूस आपल्याच तोडीचा आहे हे त्याने ओळखलं असावं. माळ्यावरून त्याने अशी शाल काढली, की ती नुसती हातात घेऊन माझे तळवे ओले झाले. बाईंना ती पुरेशी वाटली नाही. घरी येऊन त्यांनी तिला आतून अस्तर लावलं. बरोबर पुणेरी पगडीही आणली होती. "मान मोठ्या माणसाचा आहे. कुठे कमी पडायला नको," असं म्हणून त्या इतक्या गोड हसल्या, की मला साहेबांची दया आली.

त्या दुपारचं वर्णन करताना आजही माझे हात शिवशिवतात. माझ्या आयुष्यातलं सर्वोत्तम निवेदन मी त्या दिवशी केलं. बाईंचा हुकूम एकच होता, "लांबवा." आणि लांबवणं तर माझ्या रक्तातच होतं.

समोर सतरंजीवर दुपारच्या पाळीच्या मुली ओळीने बसलेल्या. मंचावर साहेब, त्यांच्याबरोबर आलेले एक अभियंता, मुख्याध्यापिका आणि अध्यक्षस्थानी बाई. वर पत्रा कडकड वाजत होता. दोन पंखे होते, पण दीपप्रज्वलन होतं ना. बाईंनी घरची मोठी समई आणली होती, तेल काठोकाठ. मुख्याध्यापिकांनी शिपायाला खूण केली आणि समई विझू नये म्हणून पंखे बंद झाले. त्यावर साहेब काय बोलणार? समारंभात तेवती समई विझू दे, असं म्हणायची कोणाची छाती आहे? मग ईशस्तवन. मग स्वागतगीत, त्याची सगळी कडवी. मग माझं प्रास्ताविक, ज्यात मी 'पुणे तिथे काय उणे'पासून सुरुवात करून मुठेच्या उगमापर्यंत मागे गेलो. मग परिचय. मग शाल. बाईंनी ती साहेबांच्या खांद्यांवर पांघरली, पुढून नीट ओढून घेतली, आणि शिवणाच्या बाईच त्या, दोन टोकं एका सेफ्टी पिनेने अडकवूनही टाकली. वर पगडी. हातात नारळ, नारळावर गुच्छ. घाम पुसायला हातच मोकळा नाही.

अभियंता हळूच उठायला लागले. "जरा साइटवर..." मी माइक सोडला नाही. "आणि आता ज्यांच्याशिवाय हा सोहळा अपुरा आहे, अशा आपल्या अभियंता महोदयांचाही सत्कार." टाळ्या पडल्या. दुसरी शाल तयारच होती.

शेवटी साहेब बोलायला उभे राहिले. चेहरा लालबुंद. ठरलेलं वाक्य त्यांच्या तोंडून निघालं, "अशा या प्रसन्न वातावरणात..." आणि ते अडकले. त्यांनी वर पत्र्याकडे पाहिलं. मग समोर पाहिलं. पहिल्या रांगेतल्या मुलीला त्यांनी विचारलं, "बाळ, तुम्ही रोज इथंच बसता?"

मुलगी उभी राहिली. "न्हाय सर. त्या दिवशी सुई लागली ना, तवापासनं आम्हाला भिंतीमागं सावलीला बसवत्यात. आज तुमचा सत्कार हाय म्हणून आत बसवलंय."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचा चेहरा पांढरा पडला होता. वर्ग बंद झाल्यापासून त्या शाळेत फिरकल्याच नव्हत्या, सगळा वेळ कार्यालयाच्या जिन्यात गेला होता. मुलींना बाहेर बसवतात हे त्यांना ठाऊकच नव्हतं. शालीचं अस्तर, समईचं तेल, स्वागतगीताची कडवी, सगळ्याचा विचार त्यांनी केला होता. प्रेक्षक म्हणून कोण बसणार, याचा मात्र केला नव्हता. सत्कार म्हटला की समोर मुली बसवायच्या, हे आपल्याकडे इतकं अंगवळणी पडलेलं आहे, की ते बाईंच्याही डोळ्यांना दिसलं नाही. ज्यांच्यासाठी हा सगळा खटाटोप, त्यांनाच आम्ही त्या भट्टीत आणून बसवलं होतं. आणि मी लांबवत होतो.

बाई उठल्या. "सगळ्या मुली बाहेर. चला, आधी मागची रांग."

"बाई, आभारप्रदर्शन राहिलंय," मी आपला सवयीने म्हणालो.

"भिंतीमागे करा."

मग जे झालं ते कुठल्याच कार्यक्रमपत्रिकेत बसत नाही. मुलींपाठोपाठ साहेबही बाहेर आले, अभियंताही आले, आणि शाळेच्या मागच्या भिंतीला टेकून आम्ही सगळे ओळीने जमिनीवर बसलो. सावलीचा पट्टा इतका अरुंद, की साहेबांचे बूट उन्हात राहिले. शिपायाने माठातलं पाणी आणलं. मुली प्यायल्या, मग आम्ही.

"बाई, ही पिन काढू का?" साहेबांनी विचारलं.

"काढा. माझं चुकलं."

"तुम्ही मला मुद्दाम बोलावलंत."

"तुम्हाला मुद्दामच. ते नाही चुकलं. या मुलींना बसवलं ते चुकलं."

साहेबांनी शाल घडी करून मांडीवर ठेवली. "माझी शाळा पण पत्र्याचीच होती. सोलापूरकडं. पण बाजूला कडुनिंब होते आणि ऊन होळीनंतर यायचं. पुण्यात बदली झाली तेव्हा वाटलं, सुटलो उन्हातून." मग अभियंत्यांकडे वळून ते म्हणाले, "या छताचं काम वॉर्डाच्या निधीतून बसवा. जूनच्या आत."

मुख्याध्यापिकांच्या डोळ्यांत पाणी आलं. मी टाळ्या वाजवायच्या बेतात होतो. तेवढ्यात बाई म्हणाल्या, "आणि बाकीच्या शाळा?"

"अहो बाई," मुख्याध्यापिकांनी कळवळून त्यांचा हात धरला, "मिळतंय ते घ्या ना. माझ्या मुली वाचतात."

"घेतलंच ते. मान्य. पण ऊन काय फक्त याच पत्र्यावर पडतं? पत्र्याच्या जेवढ्या शाळा आहेत, तेवढ्या सगळ्या येत्या अंदाजपत्रकात आल्या पाहिजेत. मैदानातल्या झाडांसकट."

"ते माझ्या हातात नाही. ते वर ठरतं."

"मग वरच्यांचा सत्कार करू."

साहेब बाईंकडे बघतच राहिले, आणि मग त्यांना जे हसू फुटलं, ते मुलींमध्ये पसरत शेवटच्या मुलीपर्यंत गेलं. हसून झाल्यावर त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि आवाज खाली आणून म्हणाले, "कोणाचा करायचा, ते मी सांगतो."

तिथून आमची मोहीम सुरू झाली, आणि काय दिवस होते ते. साहेबांनी सुचवायचं, बाईंनी आमंत्रण द्यायला जायचं, मी माइक सांभाळायचा. प्रत्येक वेळी वेगळी पत्र्याची शाळा. आता मात्र मुली सावलीत, गार सरबत पीत खिडकीतून बघायच्या, आणि हॉलमध्ये नुसते मोठे लोक. मुलींच्या आया यायच्या, निवृत्त मास्तर यायचे, बसथांब्यावरची माणसंही यायला लागली. पंख्याखालची खुर्ची कोणालाच मिळायची नाही, कारण समई असायचीच, आणि तिला वारा लागू नये म्हणून दारही लावलेलं. काही जण सत्काराचं नाव काढताच गावाला जायला लागले. काहींनी रागावून मधेच शाल काढून ठेवली. पण जे शेवटपर्यंत बसले, त्यांना मग वेगळं काही पटवून द्यावं लागलं नाही. एका मोठ्या अधिकाऱ्यांनी भाषणाऐवजी नुसतं विचारलं, "काय पाहिजे ते सांगा आणि दार उघडा." बाईंनी सांगितलं आणि मग दार उघडलं.

अंदाजपत्रकात पत्र्याच्या शाळांचं काम आलं त्या दिवशी मी पतसंस्थेतून पळत घरी आलो. बाई मशीनवरून उठल्या, टेप गळ्यात घातली आणि म्हणाल्या, "चला, खड्डे बघून येऊ." वारज्याच्या मैदानात वॉर्डाच्या निधीतून झाडांसाठी आधीच खणलेले खड्डे त्यांनी एकेक करून मोजले आणि कंत्राटदाराला ऐकवलं, "झाड लावताय की कुंडी? पुन्हा खणा." त्याने कुरकुरत पुन्हा खणले.

दुसऱ्या वर्षीच्या एप्रिलमध्ये आम्ही वारज्याच्या शाळेत गेलो. कोणाला न कळवता, भर दुपारी. बाईंचे गुडघे दुखत होते, त्या माझ्या हाताला धरून चालत होत्या. बाहेर ऊन मी म्हणत होतं. छत पांढरंफेक झालं होतं. मैदानातली रोपं कमरेएवढी, सावली द्यायला त्यांना अजून वेळ होता. दुपारची पाळी भरली होती, आत, वर्गात. आम्ही मागच्या दाराने शिरलो, तर दाराशी एक मुलगी वही उघडून बसलेली. नवीन दिसत होती. दिवाळीनंतर गावाकडून आली होती, असं नंतर कळलं.

बाईंनी वाकून तिला विचारलं, "काय गं, उकडत नाही ना?"

"कुठं?"

"इथं. वर्गात."

मुलीने मान वर करून बाईंकडे पाहिलं, मग माझ्याकडे. काय विचारतायत हेच तिला कळेना. "वर्गात कशाला उकडंल?" ती म्हणाली आणि पुन्हा वहीत डोकं घालून लिहायला लागली.

माझा हात घट्ट धरून बाई बाहेर आल्या, व्हरांड्यातल्या खांबाला टेकल्या आणि हसायलाच लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, तेही त्यांनी पुसलं नाही. "ऐकलंत ना तुम्ही? हिला माहीतच नाही. अहो, हिला माहीतच नाही." त्या पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत होत्या, आणि आत दुपारची पाळी मोठमोठ्याने पाढे म्हणत होती.